शिकलेली म्हणून आत, गरीब म्हणूनही आत

टू-जी प्रकरणात खासदार कनिमोळी यांनी २०११ साली जामीन मागितला, तेव्हा आपण स्त्री आहोत आणि घरी शाळेत जाणारा मुलगा आहे, हेही त्यांनी न्यायालयापुढे मांडले होते. दिल्लीच्या विशेष न्यायालयाने ते मानले नाही. समाजाच्या वरच्या थरातल्या, संसदेत बसणाऱ्या बाईला स्त्री म्हणून भेदभाव सोसावा लागतो असे कोणत्याही कल्पनेने म्हणता येणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. मे ते नोव्हेंबर असे सहा महिने त्या तिहारमध्ये होत्या. जामीन अखेर उच्च न्यायालयाने दिला. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच विशेष न्यायालयाने, त्याच न्यायाधीशांनी, त्यांना निर्दोष सोडले. या निकालाविरुद्ध सीबीआयने अपील केले, पण ते सहा महिने कोणत्याही अपिलाने परत येणार नाहीत.

पुढे बारा-तेरा वर्षांनी हाच युक्तिवाद पुन्हा डोके वर काढताना दिसला. दिल्लीच्या मद्य धोरण प्रकरणात तेलंगणच्या नेत्या के. कविता यांचा जामीन १ जुलै २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला. त्या उच्चशिक्षित आहेत, कर्तबगार आहेत, म्हणून कायद्याला अभिप्रेत असलेल्या ‘असहाय’ स्त्रियांत त्या बसत नाहीत, असे कारण त्यात होते. दोन महिन्यांच्या आत, २७ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला. तपास संपलेला, आरोपपत्र दाखल झालेले, साक्षीदार ४९३ आणि कागदपत्रे पन्नास हजार पानांच्या घरात. खटला लवकर संपण्याची आशाच नव्हती. हे कारण एकटेही जामिनाला पुरेसे होते. पण खंडपीठ तिथे थांबले नाही. हा आदेश कायदा म्हणून टिकला तर या देशात शिकलेल्या बाईला जामीन मिळणारच नाही, हे त्याने स्पष्ट शब्दांत सुनावले. आमच्या मते त्या दिवशीच्या निकालातला हा भाग सर्वांत मोलाचा आहे.

मुळात कायदा काय म्हणतो? मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यात आरोपीने तो केला असावा असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर त्याला जामिनावर सोडू नये, हा सर्वसाधारण नियम. त्याला एक परंतुक आहे. आरोपी बालक, स्त्री, आजारी किंवा दुर्बल असेल, तर न्यायालय त्याला सोडू शकते. ब्रिटिशांच्या काळातल्या संहितेत हे होते, १९७३च्या संहितेच्या कलम ४३७मध्ये आले आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८०मध्येही कायम राहिले. मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कलम ४५मध्ये जामिनाच्या अटी फार कडक आहेत. तिथेही स्त्रियांना या अटींतून वगळण्याची मुभा न्यायालयाला आहे.

‘सोडू शकते’ यावर सगळी भिस्त आहे. सोडलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. छत्तीसगडच्या मुख्यमंत्री कार्यालयातल्या तत्कालीन उपसचिव सौम्या चौरसिया यांचा जामीन १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर नाकारला. शिकलेल्या आणि वरच्या पदावरच्या स्त्रियाही कळत-नकळत बेकायदा व्यवहारांत गुंततात, आणि ही सवलत आपोआप मिळते असे ठरवले तर स्त्रियांना ढाल करून पैसे फिरवणारे मोकाट सुटतील, अशी भीती त्या निकालात व्यक्त झाली. भीती निराधार नाही. घरातल्या बाईच्या नावे कंपनी काढायची, तिच्या सह्या घ्यायच्या, हा प्रकार कोणत्याही शहरातल्या चार्टर्ड अकाउंटंटला ठाऊक आहे. पण ढाल म्हणून वापरलेल्या बाईला कोंडून ठेवल्याने ढाल वापरणाऱ्याला काय तोशीस लागते? आणि ती स्वतःच सूत्रधार असेल, तर तिचा सहभाग आणि पुरावा पाहून तसे आदेशात लिहावे. तेवढ्यासाठी तिची पदवी मोजण्याची गरज नाही. चौरसिया यांना सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच अंतरिम जामीन दिला, तोवर त्यांना आत जाऊन पावणेदोन वर्षे उलटली होती.

सरकारी यंत्रणा तर याही पुढे गेली. डिसेंबर २०२४मध्ये एका महिलेच्या जामीन अर्जावर ईडीच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात असे म्हणणे मांडले की कलम ४५च्या कडक अटी स्त्री आरोपीलाही लागू आहेत. कायद्यात याच्या नेमके उलटे छापलेले असताना! न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने कायद्याच्या विरोधात जाणारे असले युक्तिवाद खपवून घेणार नाही असे बजावले, सरकारच्या वतीने माफी मागितली गेली आणि जानेवारी २०२५मध्ये त्या महिलेला जामीन मिळाला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणे तिला शक्य झाले म्हणून हे घडले. हाच युक्तिवाद एखाद्या जिल्हा न्यायालयात, नवख्या वकिलासमोर झाला असता तर त्याला कोणी अडवले असते का, हा प्रश्न आम्हाला छळतो.

परंतुकाची शब्दयोजना या गोंधळाला थोडी जबाबदार आहे, हे मान्य केले पाहिजे. सज्ञान, धडधाकट स्त्रीला तिथे बालक आणि आजारी यांच्या ओळीत बसवले आहे. मग न्यायाधीश विचारतात, ही दुर्बल आहे का? ती इंग्रजी बोलते, हिशेब तपासते, माणसे हाताळते. मग कसली दुर्बल? प्रश्नच चुकीचा विचारला की उत्तर बरोबर येणार कसे? स्त्रीच्या अंगी किती बळ आहे यावर ही सवलत तोलायची नाही. खटला सुरू व्हायच्या आधीची कोठडी तिच्यावर आणि तिच्यावर अवलंबून असलेल्यांवर काय आणते, यावर ती तोलायची आहे.

आणि इथे पुरुषाच्या आणि बाईच्या कैदेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुरुष आत गेला की त्याची आई, बायको, बहीण वकिलाकडे खेटे घालतात. दर तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात डबा घेऊन बसलेली बाई दिसते. ती कोणत्या तरी कैद्याची कोणी तरी असते. बाई आत गेली की बहुतेकदा व्हरांडा रिकामा राहतो. सासर नाव टाकते, माहेर लाजेने गप्प बसते, नवरा काही वेळा सहआरोपी असतो आणि काही वेळा दुसरा संसार थाटतो. मुलाकातीला येणारे कमी होत होत थांबतात. त्यातून देशातल्या कैद्यांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम चार टक्के असल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र कारागृहे मोजकीच. भायखळा किंवा येरवडा सोडले तर अनेक ठिकाणी पुरुषांच्या कारागृहातली एखादी बराक त्यांच्या वाट्याला येते, आणि तीही गावापासून दूर असेल तर भेटीचा उरलासुरला धागाही तुटतो.

मुलांचे काय होते, ते आकड्यांतच पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या कारागृहांत २३,७७२ स्त्रिया होत्या. त्यांतल्या १,५३७ जणींबरोबर १,७६४ मुले होती. या मायलेकरांत शिक्षा झालेल्या आया थोड्या. १,३१२ जणी न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे अशा. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. त्यानंतर त्याची रवानगी नातेवाइकांकडे किंवा संस्थेत. तेव्हा खटला सात वर्षे रेंगाळला तर मूल तुरुंगात वाढते आणि मग आईपासून तुटते. आई पुढे निर्दोष सुटली तरी हे दोन्ही घडून गेलेले असते. बाहेर राहिलेल्या मुलांची तर मोजदादच या आकड्यांत नाही.

सर्वोच्च न्यायालयाला हे ठाऊक नाही असे नव्हे. सतेंद्र कुमार अंतिल निकालात, जुलै २०२२मध्ये, न्या. संजय किशन कौल आणि न्या. एम. एम. सुंद्रेश यांनी या परंतुकाचा मुद्दाम उल्लेख केला. दखलपात्र गुन्ह्यांत सापडणाऱ्या अनेक स्त्रिया गरीब आणि निरक्षर असतात, तरुण असतात, पदरी मुले असतात. तेव्हा न्यायालयाने संवेदनशीलता दाखवावी, असे त्यांनी लिहिले. शब्द उत्तम आहेत. खाली, जिथे रिमांडचे आदेश पाच मिनिटांत होतात, तिथे ते पोहोचलेले नाहीत.

मुंबईचेच उदाहरण घ्या. शीना बोरा खून खटल्यातल्या इंद्राणी मुखर्जी ऑगस्ट २०१५पासून भायखळ्याच्या कारागृहात होत्या. आरोप अत्यंत गंभीर, स्वतःच्या मुलीच्या खुनाचा. परंतुकाचा आधार घेऊन केलेले त्यांचे अर्ज विशेष न्यायालयाने पुन्हा पुन्हा फेटाळले. सहआरोपी असलेले त्यांचे तेव्हाचे पती पीटर मुखर्जी यांना मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२०मध्ये जामीन दिला. त्यांच्याविरुद्धचा पुरावा निराळा होता, हे खरे. इंद्राणी यांना जामीन मिळाला तो १८ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयातून, साडेसहा वर्षांनंतर. तोपर्यंत सरकार पक्षाच्या २३७ साक्षीदारांपैकी ६८ तपासून झाले होते. त्या दोषी की निर्दोष, हे खटला ठरवील. पण साडेसहा वर्षांत एक तृतीयांश साक्षीदारही होत नसतील, तर कोठडी ही शिक्षाच झाली आणि ती निकालाआधीच भोगून झाली. शेवटी जामीन देताना स्त्री असण्याचा मुद्दा उरलाच नव्हता. उरला होता तो निव्वळ उशीर.

जिथे हे परंतुक सर्वाधिक हवे, तिथे मात्र ते छापलेलेच नाही. दहशतवादविरोधी यूएपीएच्या कलम ४३ड मध्ये नाही. महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्कामध्ये नाही. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम ३७मध्येही नाही. त्याचा अर्थ कसा होतो, बघा. कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे केल्याचा आरोप असलेल्या बाईला मनी लाँडरिंग कायदा सवलत देतो. कोणी तरी हातात दिलेली गांजाची पिशवी रेल्वेने पोचवणारी बाई पकडली गेली आणि एकत्र मोजलेला माल वीस किलोच्या वर भरला, की ती ‘व्यावसायिक प्रमाण’ या कप्प्यात जाते, आणि मग ती निर्दोष असावी असे न्यायालयाचे समाधान झाल्याखेरीज तिला जामीन नाही. दोन्ही कायदे संसदेनेच केले. पहिल्या कायद्यातल्या आरोपी बाईजवळ बहुधा वरिष्ठ वकील असतो, दुसरीजवळ बहुधा कोणीच नसतो. ही विसंगती कोणाच्या डोळ्यांवर कशी येत नाही?

गोंदियाजवळ रेल्वेत गांजासह पकडलेल्या एका टोळीत एक गरोदर तरुणी होती. माल तेहतीस किलोच्या आसपास. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या न्या. ऊर्मिला जोशी-फलके यांनी तिला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. कारागृहात बाळंतपण झाले तर आई आणि बाळ दोघांवर त्याचा परिणाम होईल, आणि कैद्यालाही माणूस म्हणून सन्मान आहे, असे त्यांनी म्हटले. न्यायमूर्तींनी माणुसकीने जेवढे करता आले तेवढे केले. मात्र आदेश सहा महिन्यांचाच होता. मुदत संपते तेव्हा बाळ अंगावर पीत असते. कायद्यात परंतुक असते तर न्यायाधीशाला असा उसना अवकाश शोधावा लागला नसता.

दहशतवादविरोधी कायद्याच्या खटल्यांतही न्यायालये असाच अवकाश शोधत आली आहेत, आणि त्यात आरोपीचा राजकीय रंग कोणताही असो. मालेगाव स्फोट खटल्यात प्रज्ञासिंह ठाकूर यांना मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७मध्ये जामीन दिला, त्या वेळी आठ वर्षांहून अधिक काळची कैद आणि कर्करोगाचे आजारपण यांच्याबरोबर त्या स्त्री असल्याचीही नोंद झाली. जुलै २०२५मध्ये त्या निर्दोष सुटल्या. भीमा-कोरेगाव प्रकरणातल्या, नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या प्रा. शोमा सेन जून २०१८मध्ये अटकेत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५ एप्रिल २०२४ रोजी जामीन दिला, तेव्हा वय, व्याधी आणि कैदेचा काळ यांचा एकत्रित विचार केला. पाच वर्षे दहा महिने झाले होते आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. या दोघींच्या विचारांत काही साम्य नाही. दोघींना ज्या कायद्याखाली ठेवले, त्यात स्त्रीसाठी एक ओळ नव्हती, एवढेच साम्य.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. मेलेलीही बाईच असते तेव्हा काय? हुंडाबळीच्या खटल्यात सासू आणि नणंद स्त्री म्हणून जामीन मागतात, आणि त्याच कोर्टात शेवटच्या बाकावर त्या मुलीचे आईबाप बसलेले असतात. त्यांना हे परंतुक क्रूर थट्टा वाटली तर नवल नाही. बालहत्यांच्या खटल्यातल्या गावित मायलेकी महाराष्ट्र विसरलेला नाही. बाईच्या हातून भीषण गुन्हा होऊच शकत नाही, हा भाबडेपणा कोणी करू नये. आमचे म्हणणे एवढेच की तिथेही प्रश्न प्रत्येकीच्या प्रत्यक्ष वागण्याचा असावा. जिने छळ केल्याचे पुरावे मोबाइलवरच्या निरोपांत आहेत, जी साक्षीदारांना धमकावू शकते, तिला आत ठेवण्याची कारणे कोर्टाने लिहावीत आणि खुशाल ठेवावे. पण फिर्यादीत नाव आहे म्हणून दुसऱ्या शहरात नांदणारी नणंद, दीड वर्षाच्या पोरासह, महिनोन्महिने आत राहावी, यात मेलेल्या मुलीला न्याय मिळत नाही. तिला न्याय द्यायचा तर खटला लवकर चालवावा. तो चालत नाही म्हणून कोठडीलाच न्याय म्हणायची सवय आपल्याला लागली आहे.

जामीन मंजूर झाला की सुटका झाली, असाही एक गैरसमज आहे. आदेश निघतो: अमुक हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदाराने सातबारा किंवा घरपट्टीची पावती आणायची, रेशन कार्ड आणायचे, ऐपतीचा दाखला आणायचा. शेत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे, घर भाड्याचे, आणि सही करायला कोणी पुढे येत नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८मध्ये मोतीराम खटल्यात नेमके हेच पाहिले होते. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडून दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाने हमी दिली तर त्याची मालमत्ता परजिल्ह्यात म्हणून ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडले. ३१ जानेवारी २०२३च्या सूचनांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जामीन मिळून सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिन्याभरात हमी भरली गेली नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. नोव्हेंबर २०२४मध्ये त्याच न्यायालयाने, अर्धी किंवा प्रथम गुन्हेगार असल्यास एक तृतीयांश शिक्षा कोठडीत काढून जामिनाला पात्र ठरलेल्या बंद्यांत स्त्रिया कोण आहेत ते विशेष करून शोधा, असे कारागृह अधीक्षकांना सांगितले. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती तरतूद लागू नाही, त्यामुळे गंभीर आरोपातल्या बायकांना तिचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी परंतुक हाच काय तो दरवाजा.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. संसदेने एनडीपीएस आणि यूएपीएमध्ये, आणि आपल्या विधिमंडळाने मोक्कामध्ये, मनी लाँडरिंग कायद्यासारखेच परंतुक घालावे. आणि तोवर, जिथे ते आज लागू आहे, तिथे स्त्रीला जामीन नाकारणाऱ्या प्रत्येक आदेशात न्यायालयाने दोन ओळी लिहाव्यात: तिच्यावर कोण अवलंबून आहे, आणि ते माहीत असूनही तिला आत ठेवणे का भाग आहे. पदवी, पगार, पद, कपडे आणि बोलण्याची ढब यांना त्या दोन ओळींत जागा नसावी.

आणि एक विनंती तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वकिलांना, विशेषतः विधी सेवेच्या यादीवर असलेल्यांना. अर्ज छापील नमुन्यात भरून देऊ नका. बराकीत जाऊन त्या बाईशी बोला, मुले किती, कोणाकडे आहेत, शाळा सुटली का, म्हातारे कोण सांभाळते, हे विचारा, आणि पहिल्याच जामीन अर्जात ते परंतुकाच्या उल्लेखासह लिहा. मागितल्याशिवाय ही सवलत कोणी देणार नाही.